यंदाच्या चातुर्मासात एकच नेम धरा, आणि घराने त्याला वेळ द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माऊलींची पालखी आता थोड्याच दिवसांत नीरा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात येईल, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे पंढरपूर, आणि आषाढी एकादशी झाली की चातुर्मास सुरू. त्याच निमित्ताने हे पत्र लिहितेय. मी शाळेत पीटीची शिक्षिका होते, आता रिटायर आहे, सकाळी एका शाळेच्या ग्राउंडवर आमचा बायकांचा ग्रुप व्यायामाला जमतो आणि तिथे वर्षभर जे बघते, ऐकते त्यावरून माझं एक मत अगदी पक्कं झालंय. तब्येतीसाठी, मनासाठी, अध्यात्मासाठी जे काही ठरवायचं ते ३१ डिसेंबरच्या रात्री ठरवू नका, चातुर्मासात ठरवा, आणि दहा गोष्टी ठरवू नका, एकच ठरवा. आणि ती एक गोष्ट पार पडायची असेल तर घरातल्या बाकीच्यांनी त्या माणसाला रोजचा अर्धा तास मोकळा करून द्यायला हवा, नाहीतर सगळं बोलणं फुकट आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन बघा, नवे बूट, नवे ट्रॅकसूट, पार्किंगला जागा नसते. संक्रांत होऊन गेली की गर्दी पातळ व्हायला लागते. तसंच आमच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं. २०१२ पासून ही स्पर्धा होतेय, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा, आणि त्यासाठी तीन-चार महिने मुलंमुली, बँकेतले लोक, डॉक्टर, गृहिणी जीव तोडून प्रॅक्टिस करतात, याचं मला फार कौतुक आहे, अख्ख्या गावाला पळायची गोडी लावली त्या स्पर्धेने. पण मेडल गळ्यात पडलं की कितीतरी जणांचं पळणं तिथेच थांबतं, कारण ठरवलेलं होतं ते मेडल, रोजचं पळणं ठरवलेलंच नव्हतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण ठरवतो ते नेहमी फळ असतं. दहा किलो वजन उतरवायचं, शुगर नॉर्मलला आणायची, टेन्शन घ्यायचं नाही, मन शांत ठेवायचं. यातलं एकही थेट आपल्या हातात नाही. वजन काट्यावर कधी हलेल ते शरीर ठरवतं, पण संध्याकाळी सहा वाजता चहाचा कप विसळला की चपला घालून घराबाहेर पडणं हे हातात आहे. पीटर गोलवित्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हेच मांडलं, की नुसतं 'व्यायाम करेन' म्हणणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की अमुक ठिकाणी अमुक करेन' असं आधीच ठरवून ठेवणाऱ्याच्या हातून ते काम होण्याची शक्यता जास्त असते. आपल्या आज्या दुसरं काय करत होत्या? अंघोळ झाली की तुळशीला पाणी, मग पोथी, मग चहा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आधीचं काम संपलं की पुढचं आपोआप सुरू.

आता शरीराबद्दल, हा माझा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ आलंय आणि सगळ्यांच्या डोक्यात दहा हजार पावलं बसलीयेत. हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये अभ्यासाच्या काळातलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे गेल्यावर आणखी फारसा फरक पडला नाही. हे मी आमच्या ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा गुडघेदुखीमुळे चालणंच सोडून दिलेल्या एका मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण दहा हजार होत नाहीत म्हणून तिने शून्य करून टाकले होते. चार हजार पावलांना किंमत आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसतं चालणं पुरत नाही, आणि हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय हे पुष्कळांना माहीत असतं, पण त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि ६५ च्या पुढच्यांना तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितलाय, ते कुणी वाचतच नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. बायकांची पाळी गेली की हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि हिंडतीफिरती बाई पलंगाला खिळते. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही मी सांगते की वजनाचा काटा जरा बाजूला ठेवा आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येतं का ते बघा, एका पायावर भिंतीजवळ उभं राहता येतं का ते बघा. खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वरखाली, याला ना जिम लागते ना फी.

आणि सूर्यनमस्कार तर आमच्या जिल्ह्याचाच वारसा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे, १९२० च्या दशकात त्यांनी या व्यायामाचा एवढा प्रचार केला की तो संस्थानातल्या शाळांमध्ये गेला आणि पुढे देशाबाहेरही पोचला. त्यात ताकद आहे, लवचिकपणा आहे, श्वास आहे, आणि सूर्याचं नाव घेऊन घातले तर मनही तिथेच राहतं. मात्र रथसप्तमीला उत्साहाने एकदम १०८ घालून दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसण्यापेक्षा रोज सहा घाला, आणि गुडघा, पाठ किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जेवणानंतरच्या शतपावलीबद्दल तर मला फारच कळकळ आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि त्या उंबरठ्यावर असलेले आणखी साडेतेरा कोटींच्या वर. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, कारण चालणारे स्नायू ती साखर वापरतात. रात्रीचं जेवण झाल्यावर टीव्हीसमोर न बसता सगळं घर मिळून गल्लीत एक चक्कर मारून आलं तर त्यात व्यायाम होतो, नवराबायकोचं बोलणं होतं आणि पोरांच्या हातातला मोबाईलही तेवढा वेळ सुटतो.

मनाचं थोडं वेगळं आहे. 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा ऐकलंय आणि त्याने कुणाचं टेन्शन गेलेलं मी बघितलं नाही. मनाला सरळ हुकूम देता येत नाही, पण मनावर ज्यांचा परिणाम होतो त्या गोष्टी ठरवता येतात. रात्री झोपायची वेळ ठरवणं, फोन बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला लावणं, आठवड्यातून एकदा एखाद्या जुन्या मैत्रिणीला मेसेज नाही तर फोन करून बोलणं, डोक्यात फिरणारी काळजी वहीत उतरवून काढणं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून भावनांबद्दल साध्या मराठीत बोलायला शिकवलं, 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट 'असं झालं तर बरं' इथपर्यंत खाली आणायचा, हा तिथला विचार मला स्वतःला फार उपयोगी पडला. सून असंच वागली पाहिजे, मुलाला एवढे मार्क पडलेच पाहिजेत, या 'च' मध्ये केवढा त्रास भरलेला असतो. चार महिने रोज रात्री आपला एक 'च' शोधून वहीत लिहिणं हासुद्धा एक नेम होऊ शकतो, आमच्यातल्या एकीने तो केला आणि घरातली भांडणं कमी झाली असं तिची मुलगीच येऊन सांगून गेली.

व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांना ठरवण्याचं हे शास्त्र आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळलंय असं मला वाटतं. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथून हजारो घरं सावरली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये माणूस 'जन्मभर पिणार नाही' असं म्हणत नाही, 'आजचा दिवस पिणार नाही' म्हणतो, आणि उद्या उठून परत तेच म्हणतो. ज्याची लढाई सगळ्यात अवघड आहे त्याने जर एका दिवसापुरतं ठरवायचं असतं, तर आपण साखर सोडताना वर्षाची भाषा का करावी?

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. ज्याला दोन-दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, झोप उडालीये, भूक गेलीये, जगणं नकोसं वाटतंय, त्याला कुणीही संकल्प सांगू नका, फिरायला जा, नामस्मरण कर असं म्हणून वाटेला लावू नका. तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की मानसिक आजार असलेल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

आणि अध्यात्म. जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्याच्या व्याख्येत शरीर, मन आणि समाज या तिन्हींचं स्वास्थ्य आहे, १९४८ पासून, पुढे १९८४ मध्ये त्यांच्या सभेने आध्यात्मिक बाजूचीही दखल घेणारा ठराव केला. आपल्याकडे हे वारीत कधीचं आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, दिवे घाटाची चढण, ऊन-पाऊस, आणि सत्तरीतली म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन चालतेय. तिला तुम्ही विचारा की आजी व्यायाम कधी करता, तिला प्रश्नच कळणार नाही. चालणं शरीराचं, दिंडीतली सोबत मनाची आणि मुखात नाम, तिच्यासाठी तीन वेगळे कप्पे नाहीतच. म्हणूनच मी एकच नेम धरा म्हणतेय, नीट निवडला तर एकाच नेमात तिन्ही येतात.

पण अध्यात्मातही आता आकडे घुसलेत याचं वाईट वाटतं. जपाचे काउंटर, आज किती लाख झाले त्याचे स्टेटस, कुणाची किती पारायणं झाली याची ग्रुपवर यादी. जप करणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला पूर्ण आदर आहे, आई माझी रोज हरिपाठ म्हणायची आणि मीही म्हणते, पण चार महिन्यांनी बघायचं ते एवढंच की आपला आवाज घरात थोडा खाली आला का, कामवाल्या ताईशी बोलणं बदललं का. इगतपुरीला धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात, फी नाही, मौन पाळायचं, फार मोठं काम आहे ते, आणि तिथेही शिकवतात ते घरी जाऊन रोज बसायलाच. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी हा भाग सोडून द्यावा असंही नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घ्यायचे. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांसाठी उघडावं म्हणून उपोषण केलं. स्वतःपलीकडच्या कशाला तरी रोज थोडा वेळ देणं मला अध्यात्मच वाटतं, मग ते वॉर्डातल्या एकट्या आजोबांना पेपर वाचून दाखवणं का असेना.

आता चातुर्मासच का, तर त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. आषाढीला धरायचं, कार्तिकीला सोडायचं, शेवटी उद्यापन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, कुणाला १८ तर कुणाला अडीचशेच्या वर असाही हिशेब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही मोठा फरक पडत नव्हता. २१ दिवसांत आयुष्य बदला म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. चातुर्मासाचे चार महिने म्हणजे त्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट, बहुतेकांना पुरतात. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं, दंड नाही, उपास नाही.

आणि चातुर्मासाची दुसरी ताकद अशी की घर त्याला मान देतं. सासूबाई पोथीला बसल्यात म्हटलं की कुणी हाक मारत नाही, कुकरची शिट्टी दुसरं कुणीतरी बंद करतं. पण तीच बाई म्हणाली की मी अर्धा तास फिरायला चाललेय, तर लगेच 'भाजी टाकून जा', 'बाबांचा चहा देऊन जा', 'आजच जायला पाहिजे का'. आमच्या ग्रुपमधून बायका गळतात त्या आळसाने गळत नाहीत हे मी शपथेवर सांगते. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. या दोनशे मिनिटांच्या फरकातून तीस मिनिटं काढून घ्यायची आहेत, आणि ती बाईने पहाटे आणखी लवकर उठून नाही काढायची, तिची झोप आधीच कमी आहे. ती नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी काढून द्यायची. म्हणून माझं घरातल्या पुरुषांना आग्रहाचं सांगणं आहे की यंदा तुमचा नेम हाच धरा, संध्याकाळी साडेसहा ते सात स्वयंपाकघर माझं. कांदालसूण सोडण्यापेक्षा याचं पुण्य कमी नाही असं मी मानते.

तसंच नगरपालिकेला आणि शाळांनाही विनंती, संध्याकाळी ग्राउंडांना कुलपं असतात, जी उघडी असतात तिथे अंधार असतो, मग बायका रस्त्याच्या कडेने गाड्यांच्या हेडलाइटमध्ये चालतात. चार दिवे आणि रात्री आठपर्यंत उघडं गेट, एवढ्याने कितीतरी जणींचा नेम टिकेल.

तुमच्या पेपरला एक सुचवावंसं वाटतं. आषाढीच्या अंकात वाचकांना आपला एक नेम एका ओळीत कळवायला सांगा, वेळ आणि जागा लिहून, आणि कार्तिकीला त्याच लोकांना विचारा काय राहिलं, काय सुटलं आणि का सुटलं. सुटलेल्यांची कारणं आवर्जून छापा, त्यावरून नगरपालिकेलाही कळेल आणि घरातल्यांनाही. आमचा ग्रुप पहिली यादी पाठवायला तयार आहे, त्यात माझा नेम आहे रोज संध्याकाळी शेजारच्या आजींना हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणायचा.

आपली नम्र,
एक निवृत्त पीटी शिक्षिका,
सातारा